बक्षिसी, हक्क आणि बचत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरात सध्या तीन प्रकारची पेन्शन एका छपराखाली नांदते. माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणतो, सोलापुरात तीस-बत्तीस वर्षे विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, बोटांना सुताचा चटका, असे तिचे आयुष्य गेले. तिला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून महिन्याला एक हजार रुपये पेन्शन मिळते. मी बी.ए. होऊन १९९६ साली सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. मला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळेल, महागाई वाढेल तशी तीही वाढेल. माझा धाकटा भाऊ २००७ साली शिक्षक झाला. तो माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. त्याच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जाते, ती बाजारात गुंतवली जाते. तिचे शेवटी किती होतील, हे परवापरवापर्यंत त्याला कोणी सांगू शकत नव्हते.

तिघांनीही काम केले. मग तिघांच्या म्हातारपणात एवढे अंतर का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे, इतिहासात जावे लागते.

पेन्शन हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो परका वाटतच नाही. माणूस ‘पेन्शनीत निघतो’. पुण्याची तर पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखच होती. पण हा शब्द येण्याआधी आपल्याकडे वेगळे शब्द होते. वतन, इनाम, वर्षासन, नेमणूक, तनखा. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान होती. देणारा वर बसलेला आणि घेणारा हात पसरलेला. राजा खूश झाला की सनद मिळे, राजाची मर्जी फिरली की सनद जप्त होई.

कंपनी सरकारने ही रीत मोडली नाही, तिला फक्त कागद आणि शिक्के जोडले. आपल्या इतिहासातली सर्वांत गाजलेली पेन्शन दुसऱ्या बाजीरावाची. जून १८१८ मध्ये त्याने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. राज्य गेले आणि बदल्यात वर्षाला आठ लाख रुपये ठरले. कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात तो तेहतीस वर्षे पेन्शन खात जगला. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाने वारसाहक्काने पेन्शन मागितली. कंपनीने सांगितले की ती बाजीरावाच्या हयातीपुरती होती. नानासाहेबाने आपली बाजू मांडायला अझीमुल्ला खानाला लंडनपर्यंत पाठवले. तो रिकाम्या हाताने परतला. पुढे १८५७ साली काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उठावाची कारणे अनेक होती, पण एक नाकारलेली पेन्शनही त्यांत होती.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाची, म्हणजे कवीची. मिर्झा गालिबचे नाव घेतले की आपल्याला गझल आठवते. पण त्याच्या आयुष्याची कितीतरी वर्षे पेन्शनच्या अर्जांत गेली. चुलते नसरुल्ला बेग खान यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनमधला त्याचा वाटा वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये होता. मुळात ठरलेली रक्कम याहून मोठी होती आणि मधल्यामध्ये ती कमी केली गेली, असे त्याचे म्हणणे. ही दाद मागायला तो दिल्लीहून कलकत्त्याला गेला. फेब्रुवारी १८२८ मध्ये तो तिथे पोचला आणि नोव्हेंबर १८२९ मध्ये परतला. पुढे निकाल त्याच्या विरुद्ध गेला. तरी तो अर्ज करीतच राहिला. १८५७ च्या धामधुमीनंतर उरलीसुरली पेन्शनही बंद झाली. आपण बंडात सामील नव्हतो हे पटवून देण्यात त्याची जवळजवळ तीन वर्षे गेली. १८६० साली ती पुन्हा सुरू झाली. आज पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. गालिबला निष्ठेचा दाखला द्यावा लागला.

बाजीराव आणि गालिब यांच्यात साम्य काहीच नव्हते. पण दोघांची पेन्शन एकाच प्रकारची होती. ती सरकारची मेहेरबानी होती. १८७१ साली इंग्रजांनी पेन्शनचा कायदा केला, त्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आली. सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दलचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये, असे त्या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. दाद मागायची तर ती सरकारी अधिकाऱ्याकडेच. म्हणजे जो देणारा, तोच न्याय करणारा.

त्याच काळात युरोपात वेगळा विचार रुजत होता. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८९ साली, कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. कामगाराने थोडे भरायचे, मालकाने थोडे भरायचे, सरकारने भर घालायची. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाली की पेन्शन. त्या वेळी सत्तरी गाठणारे कामगार थोडे होते, हे खरे. बिस्मार्कचा हेतूही समाजवाद्यांची हवा काढून घेण्याचा होता. पण त्यातून एक मोठी गोष्ट झाली. पेन्शन हे दरबारातून उतरून कारखान्याच्या दारात आले.

आपल्याकडे त्यासाठी स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपणी सरकारने सहाय्य करावे असे लिहिले गेले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. प्रत्यक्ष पाऊल पडले ते १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने. आरंभी तो सहा उद्योगांना लागू झाला: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी माल, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. गिरण्यांच्या मुंबईला आणि सोलापूरला त्याचे मोल लगेच कळले. कामगारांच्या तोंडी तो ‘फंड’ झाला. मुलीचे लग्न फंडातून, घराचे पत्रे फंडातून. विडी कामगारांपर्यंत हा फंड पोचायला मात्र १९७७ साल उजाडले.

फंड म्हणजे एकरकमी पैसा. तो हातात आला की चार वाटांनी जातो. म्हणून नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याला पेन्शनची जोड दिली गेली. मालकाच्या हिश्श्यातले, पगाराच्या ८.३३ टक्के पैसे पेन्शनकडे वळवले गेले. तिचा हिशेब साधा आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. समजा एखाद्या कामगाराचा हिशेबाला धरलेला पगार साडेतीन हजार आणि नोकरी पंधरा वर्षे. पेन्शन आली साडेसातशे. ती महागाईबरोबर वाढत नाही. पहिल्या महिन्याला साडेसातशे, वीस वर्षांनंतरही साडेसातशे. सप्टेंबर २०१४ पासून सरकारने किमान हजार रुपये ठरवले, म्हणून अम्माच्या हातात हजार येऊ लागले. तिने विड्या कितीतरी आधीपासून वळल्या होत्या, पण कारखान्याच्या पुस्तकात तिचे नाव उशिरा चढले. आधीची कित्येक वर्षे काम तिचे आणि कार्ड दुसऱ्या बाईचे. सत्तरने भागायच्या त्या गणितात अम्माची ती वर्षे आलीच नाहीत.

सरकारी नोकरांची गोष्ट याच सुमारास वेगळ्या दिशेने गेली होती. १९७९ साली केंद्र सरकारने पेन्शन मोजण्याची नवी, उदार रीत आणली. पण ती ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केली. डी. एस. नाकरा हे संरक्षण खात्यातून १९७२ साली निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले की एका दिवसाच्या अंतराने माणसामाणसांत भेद कसा करता? पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे हा खटला चालला. यशवंत विष्णू चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल लागला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि तारखेची मनमानी रेघ ओढून पेन्शनरांचे दोन वर्ग पाडता येणार नाहीत, असा त्या निकालाचा सारांश. आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून साजरा होतो. १८७१ पासून १९८२ पर्यंत, म्हणजे एकशे अकरा वर्षांनी, बक्षिसीचा हक्क झाला.

पण हक्क झाला की त्याचा खर्चही कोणीतरी भरावा लागतो. जुन्या पेन्शनसाठी सरकारने कुठे पैसा साठवलेला नव्हता. आजच्या करातून कालच्या नोकरांची पेन्शन, अशी ती व्यवस्था. नोकर थोडे आणि आयुष्य लहान होते तोवर हे निभावले. स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आता ते सत्तरच्या घरात आहे. प्रत्येक वेतन आयोगाबरोबर पगार वाढला, तशी पेन्शनही वाढली. राज्यांच्या अंदाजपत्रकात पगार, पेन्शन आणि कर्जावरचे व्याज या तीन रकमा भागवल्या की रस्ते, शाळा, दवाखाने यांना उरणार किती, ही चिंता खोटी नव्हती. जुन्या पेन्शनची बाजू घेणाऱ्या मित्रांनीही ती मान्य केली पाहिजे.

इथे एक गंमत आहे, कडू गंमत. सरकारने एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. ‘ओअ‍ॅसिस’ या नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल २००० साली आला. ओअ‍ॅसिस म्हणजे वाळवंटातली हिरवळ. ज्यांना पेन्शन नाही अशा शेतमजूर, फेरीवाले, कारागीर यांच्या म्हातारपणाची सोय कशी करावी, हा त्या समितीपुढचा मूळ प्रश्न होता. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, त्यात आयुष्यभर थोडी थोडी बचत, ही तिची कल्पना. प्रत्यक्षात त्या धर्तीची योजना आधी लागू झाली ती सरकारी नोकरांना! १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदले सोडून, केंद्राच्या नव्या नोकरांना. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. असंघटितांना तिचे दार उघडले २००९ साली. ज्यांच्यासाठी विहीर खणायची होती, ते रांगेत मागे राहिले.

नव्या योजनेत नोकराने पगाराच्या दहा टक्के भरायचे, सरकारनेही तेवढेच. पुढे केंद्राने २०१९ पासून आपला वाटा चौदा टक्के केला. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतला किमान चाळीस टक्के भाग विमा कंपनीकडे देऊन त्यातून पेन्शन विकत घ्यायची. या विचाराचे माहेर दक्षिण अमेरिकेत आहे. १९८१ साली चिली देशात पिनोशेच्या लष्करी राजवटीने जुनी सरकारी पेन्शन मोडून प्रत्येक कामगाराचे खासगी खाते उघडले. पगाराचे दहा टक्के त्यात, सांभाळणाऱ्या खासगी कंपन्या. जगभर त्याची वाहवा झाली. त्यातही एक अपवाद होता: लष्कराने स्वतःला जुन्याच योजनेत ठेवले. पुढे लक्षात आले की ज्यांची नोकरी अधूनमधून सुटते, ज्या बायका मुलांसाठी घरी राहतात, त्यांच्या खात्यात फारसे काही साठतच नाही. २००८ साली चिलीला सरकारी खर्चाने किमान पेन्शनचा आधार द्यावा लागला.

आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ या तारखेने तेच केले, जे १९७९ च्या तारखेने केले होते. एका शिक्षककक्षात, एकाच फळ्यासमोर उभे राहणारे दोन मास्तर, एक जुन्या पेन्शनचा, एक नव्या. मी त्या तारखेच्या अलीकडे आहे, यात माझे कर्तृत्व काही नाही. भाऊ नऊ वर्षांनी लहान आहे, एवढाच त्याचा दोष. सुरुवातीची काही वर्षे त्याच्या पगारातून कपात होई, पण खात्यावर ती वेळेवर दिसत नसे. स्लिपा मागत तो हेलपाटे घाली. एकदा मला म्हणाला, “भाईजान, तुमची पेन्शन सरकारच्या शब्दावर आहे, माझी बाजारभावावर.” मी त्याची समजूत काढायला गेलो की बचतीची सवय बरी असते. तो नुसता हसला.

बचतीची सवय आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. मध्यमवर्गाने पोस्टात पैसे ठेवले, आयुर्विमा उतरवला, १९६८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत पंधरा-पंधरा वर्षे रक्कम भरली. आमच्या मोहल्ल्यात बायकांची भिशी होती. अम्माने भिशीच्या पैशांतून शिवणयंत्र घेतले, माझी कॉलेजची फी भरली. पण बचतीलाही सरकार आणि बाजार यांचे ऊन-पाऊस लागतेच. त्या सार्वजनिक निधीवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज मिळे. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. बारा टक्के धरून ज्याने म्हातारपणाचा हिशेब मांडला, त्याचे गणित चुकले. आणि युनिट ट्रस्टची ‘यूएस ६४’ आठवते ना? १९६४ साली सुरू झालेली ती योजना निवृत्तांना बँकेइतकीच पक्की वाटे. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री एकाएकी थांबवली गेली. आयुष्याची पुंजी त्यात ठेवलेले लोक त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडायला घाबरत.

तेव्हा हा वाद ‘सरकार चांगले की बचत चांगली’ असा नाही. जोखीम कोणाच्या डोक्यावर, असा तो आहे. माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगला तर? महागाई भडकली तर? निवृत्तीच्या वर्षीच बाजार कोसळला तर? जुन्या पेन्शनमध्ये या तिन्ही प्रश्नांचे ओझे सरकारवर, म्हणजे सर्व करदात्यांवर होते. नव्या योजनेने ते एकेकट्या माणसावर टाकले. लाखोंनी मिळून जे ओझे सहज उचलले असते, ते एकट्याच्या पाठीवर जड होते. विम्याचे सगळे शास्त्र या साध्या गोष्टीवर उभे आहे.

म्हणूनच पुढचे घडले. २०२२ मध्ये राजस्थानने जुनी पेन्शन परत आणण्याची घोषणा केली, मग छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश यांनीही तोच मार्ग धरला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले. आठवडाभर शाळा, कचेऱ्या, रुग्णालये यांचे काम विस्कळीत झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मधला रस्ता काढला. कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात चालू राहील, पण पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन हमखास मिळेल. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ही योजना स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. वीस वर्षांचा फेरा मारून गाडी पुन्हा शब्दापाशी आली, या वेळी शब्दाला बचतीचा टेकू आहे. मला ही तडजोड वाईट वाटत नाही.

पण या सगळ्या संपांत, समित्यांत आणि हमींत अम्मा कुठे आहे? भावाला निदान मोर्चा काढता आला. विडी वळणाऱ्या बाईने, यंत्रमागावर उभे राहणाऱ्याने, उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याने संप केला तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. त्यांच्यासाठी काहीच नाही असे नाही. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना पंधराशे झाली. केंद्राने १९९५ साली वृद्धांना पेन्शन सुरू केली, तेव्हा ती ७५ रुपये होती. २००६ मध्ये दोनशे केली, आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी तो केंद्राचा वाटा पुढे वर्षानुवर्षे दोनशेच राहिला. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. चाळिशीच्या आत शिरून साठीपर्यंत हप्ते भरले तर महिन्याला एक ते पाच हजार. पण ज्याच्या हातात महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला बचत करायला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला रोज्याचे महत्त्व समजावणे.

नाकरा निकालाने सांगितले की पेन्शन हा केलेल्या सेवेचा मोबदला आहे. माझा प्रश्न एवढाच, की सेवा म्हणजे फक्त सरकारची सेवा का? तीस वर्षे कोणी विड्या वळल्या, कापड विणले, पोती वाहिली, त्यावर कारखाने चालले, सरकारला कर मिळाला. मग अम्माचा मोबदला हजार रुपयांवर का थांबला? सगळ्यांना निम्म्या पगाराची पेन्शन देता येणार नाही, हे कळण्याइतका हिशेब मला येतो. पण हजाराचा आकडा दहा वर्षांत एकदाही महागाईकडे वळून पाहत नाही, हे पैशाच्या चणचणीमुळे नव्हे. त्या रांगेतल्या माणसांचा आवाज वर पोचत नाही, म्हणून आहे.

पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. काही वर्षांपूर्वी मी अम्माला घेऊन बँकेत गेलो. दाखला आता यंत्रावर निघतो, बोट टेकवायचे. अम्माने अंगठा टेकवला. यंत्राने नाही म्हटले. मग दुसरे बोट, तिसरे, दहाही बोटे झाली. तंबाखू, पान आणि सूत यांनी बोटांवरच्या रेघा पार पुसून टाकल्या होत्या. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने ओल्या फडक्याने तिची बोटे पुसून पुन्हा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघाला.

परत येताना रिक्षात ती आपल्या बोटांकडे पाहत होती. मी विचारले, “क्या हुआ, अम्मा?” ती म्हणाली, “काम किया इसका सबूत तो हाथ पेच था, बेटा. मशीन कू वो पढना नै आया.”